स्वालबारच्या किनाऱ्यावर वसंतात हवामान कसं वाचावं

हा मजकूर स्वालबार या नॉर्वेच्या आर्क्टिक द्वीपसमूहात, स्पिट्सबर्गन या त्याच्या मुख्य बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर मार्च ते मे या काळात काम करणाऱ्यांसाठी आहे. गोव्यात वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडून स्पिट्सबर्गनवरच्या न्यू-ओलेसुंड या संशोधन वस्तीतल्या 'हिमाद्री' स्थानकावर २००८ पासून आपली माणसं जात आहेत. डिसेंबर २०२३ पासून तिथे हिवाळ्यातही मोहिमा होऊ लागल्या, म्हणजे वसंताच्या अवघड महिन्यांशी गाठ आता नेहमीची. मर्चंट नेव्हीतल्या मराठी खलाशांना आणि अधिकाऱ्यांनाही ७५ अंशांच्या वर जाणाऱ्या जहाजांवर हेच पाणी भेटतं. स्वतःचा फोन, एक बॅरोमीटर आणि एक पाण्यात टाकायचा थर्मामीटर एवढ्यावर करता येईल अशी पद्धत खाली दिली आहे.

इथला वसंत फसवा आहे. २० एप्रिलच्या सुमारास लाँगइयरब्येन या इथल्या मुख्य गावात सूर्य मावळणं थांबतं, लख्ख उजेड असतो, आणि तरीही एप्रिलचं सरासरी तापमान शून्याच्या बरंच खाली असतं. समुद्र मात्र पश्चिमेला उघडा राहतो, कारण अटलांटिकचं कोमट पाणी किनाऱ्याच्या थोडं बाहेरून उत्तरेकडे वाहत येतं. शंभर-दोनशे किलोमीटरच्या आत एकीकडे उणे २० अंशांची बर्फावरची हवा आणि दुसरीकडे अधिक ३ अंशांचं पाणी, अशी जागा जगात फार थोड्या ठिकाणी आहे. इथले बहुतेक धोके याच फरकातून निघतात.

आधी एकच प्रश्न: वारा कशावरून येतोय?

ॲप उघडून तापमान आणि वाऱ्याचे आकडे बघण्याआधी हवेच्या दाबाचा मोठा नकाशा बघा. ग्रीनलंडपासून बॅरेंट्स समुद्रापर्यंतचा भाग दिसला पाहिजे. आपल्याकडे येणारी हवा गेले २४ तास बर्फावरून आली की उघड्या पाण्यावरून, हे त्यावरून ठरवा. वसंतात साधारण तीन चित्रं आलटून पालटून दिसतात.

पहिलं, ग्रीनलंडवर जास्त दाब आणि बॅरेंट्स समुद्रात कमी दाब. वारा उत्तरेचा किंवा ईशान्येचा, हवा थेट बर्फावरून. थंडी कडक आणि दोन सरींच्या मध्ये आकाश निळंभोर. जहाजावर पाण्याचा तुषार गोठण्याचा आणि पोलर लो म्हणजे छोटी ध्रुवीय वादळं तयार होण्याचा काळ हाच.

दुसरं, आइसलँडच्या बाजूने कमी दाबाचं क्षेत्र ग्रीनलंड आणि स्वालबारमधल्या फ्राम सामुद्रधुनीकडे चढतं. वारा दक्षिणेचा, हवा ओली. अशा वेळी मार्चमध्येही तापमान शून्याच्या वर जाऊन पाऊस पडू शकतो. पश्चिम किनाऱ्यावर नैर्ऋत्येची लांब लाट येते आणि फ्योर्डाच्या (डोंगरांमधून आत शिरलेल्या लांब खाडीच्या) तोंडाचा बर्फ फोडून नेते. डोंगरउतारावरचा हिम भिजून जड होतो. नंतर पुन्हा थंडी आली की वाटांवर काचेसारखा थर राहतो.

तिसरं, स्वालबारवरच जास्त दाब. वारा मंद, आकाश मोकळं, फ्योर्डात थंड हवा साचलेली. नवशिक्यांना हे चित्र सगळ्यात सुरक्षित वाटतं. पण याच दिवसांत दरीतलं खरं तापमान अंदाजापेक्षा पाच-दहा अंशांनी खाली असू शकतं. उघड्या पाण्यावर वाफेसारखं दाट धुकं उठतं, आणि रात्रीतून धरलेला नवा पातळ बर्फ वरून जाड बर्फासारखाच पांढरा दिसतो.

यातलं कुठलं चित्र चालू आहे आणि कुठल्याकडे बदलतंय, हे एका ओळीत वहीत लिहा. पुढचा प्रत्येक आकडा त्या ओळीच्या उजेडात वाचायचा आहे.

अंदाज कुठला, आणि तो किती वाजताचा

नॉर्वेच्या हवामान संस्थेचं 'आरोम आर्क्टिक' नावाचं मॉडेल २०१५ पासून या भागासाठी चालतं. त्याची चौकट अडीच किलोमीटरची आहे, दिवसातून चार वेळा ते नव्याने चालवलं जातं आणि ६६ तासांपर्यंतचा अंदाज देतं. 'वायआर' या साइटवर आणि ॲपवर पहिल्या अडीच दिवसांचे तासागणिक आकडे दिसतात ते याच प्रकारच्या मॉडेलमधून. त्यानंतर आकडे सहा तासांच्या टप्प्यांनी येऊ लागले, की तुम्ही जाडसर चौकटीच्या जागतिक मॉडेलवर आलात असं समजा. तिथल्या आकड्यांवरून दिवस निवडावा. वेळ आणि जागा मात्र ठरवू नये.

वाऱ्याचा आकडा मीटर प्रतिसेकंदात (पुढे वाऱ्यासाठी नुसतं 'मीटर' लिहिलं आहे), १० मीटर उंचीवरचा आणि १० मिनिटांच्या सरासरीचा असतो. नॉट हवे असतील तर दुप्पट करून थोडं कमी करा, म्हणजे १० मीटरचे १९ नॉट. नॉर्वेच्या सागरी अंदाजात 'कुलिंग' हा शब्द १०.८ मीटरपासून सुरू होतो. 'स्तीव कुलिंग' म्हणजे १३.९ ते १७.१, 'स्तर्क कुलिंग' म्हणजे १७.२ ते २०.७, आणि त्यावर 'स्तोर्म'. बोटीवरच्या सगळ्यांना हे आकडे तोंडपाठ असले पाहिजेत, कारण व्हीएचएफ रेडिओवर ऐकताना भाषांतर करत बसायला वेळ नसतो.

वेळेचा घोळ हा सगळ्यात सामान्य आणि सगळ्यात टाळता येण्याजोगा घोळ आहे. सागरी इशारे, बर्फाचे नकाशे आणि उपग्रहचित्रं यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात, तर फोनवरचं ॲप स्थानिक वेळ दाखवतं. स्वालबारची घड्याळं यूटीसीच्या एक तास पुढे असतात, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे ऐन मोहिमेच्या मध्यावर, ती दोन तास पुढे जातात. त्या दिवसापासून भारताशी असलेला फरक साडेचारवरून साडेतीन तासांवर येतो. वहीत सगळ्या नोंदी यूटीसीत करा आणि वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर दोन्ही फरक लिहून ठेवा.

इंटरनेट सगळीकडे मिळेल हे धरू नका. वस्त्यांपासून दूर मोबाईल चालत नाही. न्यू-ओलेसुंडच्या २० किलोमीटर परिसरात तर वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं, कारण तिथल्या वेधशाळेच्या अँटेना अत्यंत क्षीण रेडिओलहरी ऐकत असतात. तिथे अंदाज तारेने जोडलेल्या संगणकावरूनच घ्यायचा. निघण्याआधी नकाशे उतरवून घ्या किंवा कागदावर छापून घ्या. जहाजावर नॅव्हटेक्स (सागरी इशारे लेखी देणारी रेडिओसेवा) ५१८ किलोहर्ट्झवर असतो. उपग्रहावरच्या संपर्काचं मात्र वेगळं आहे: ७६ अंशांच्या वर विषुववृत्तावरचे स्थिर उपग्रह क्षितिजालगत जातात आणि डोंगराआड तर दिसेनासेच होतात. म्हणून आणीबाणीच्या संपर्कासाठी आणि अंदाजासाठी ध्रुवांवरूनही फिरणाऱ्या उपग्रहांची इरिडियम यंत्रणा हवी. ती आधी लाँगइयरब्येनच्या धक्क्यावर चालवून बघा.

बर्फाचा नकाशा

ट्रॉम्सोहून नॉर्वेची बर्फसेवा सोमवार ते शुक्रवार, साधारण १५:०० यूटीसीला नकाशा काढते. निळसर म्हणजे उघडं पाणी, हिरवा म्हणजे दहात एक ते चार भाग बर्फ, पिवळा चार ते सात, नारिंगी सात ते नऊ, लाल नऊ ते दहा. करडा रंग किनाऱ्याला धरून बसलेल्या स्थिर बर्फाचा. साध्या पोलादी बोटीने हिरव्या पट्ट्याच्या कडेपलीकडे जाऊ नये आणि फायबरच्या बोटीने हिरव्यातही शिरू नये, असं आमचं मत आहे.

नकाशा शनिवार-रविवार निघत नाही, सार्वजनिक सुटीलाही नाही. ईस्टरच्या आठवड्यात म्हणजे हंगामातल्या ऐन गर्दीच्या दिवसांत तुमच्या हातात चार-पाच दिवस जुना नकाशा असू शकतो. तेव्हा बर्फाची कड स्वतः पुढे सरकवून काढा. तरंगता बर्फ वाऱ्याच्या वेगाच्या साधारण २ टक्के वेगाने सरकतो, आणि वारा जिकडे जातो त्या दिशेच्या ३० अंश उजवीकडे. १० मीटरचा वारा असेल तर बर्फ ०.२ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे दिवसाला सुमारे १७ किलोमीटर जातो. १५ मीटरला २६ किलोमीटर. शुक्रवारच्या नकाशावर सोमवारी निघत असाल तर कड ५० किलोमीटर हललेली असू शकते. प्रवाहाचा हिशोब यात नाही, तो वेगळा मिळवावा लागतो.

प्रवाहाचा हा भाग विशेष लक्ष देण्याचा. बेटाच्या पूर्वेकडचा बर्फ दक्षिण टोकाला, म्हणजे स्योरकापला, वळसा घालतो आणि किनाऱ्यालगतच्या थंड प्रवाहाबरोबर पश्चिम किनाऱ्याने वर चढतो. त्यामुळे दक्षिणेकडच्या हॉर्नसुंड फ्योर्डाचं तोंड एप्रिल-मेमध्ये चांगल्या हवेतही बर्फाने बंद होतं, जेव्हा त्याच्या उत्तरेला न्यू-ओलेसुंडचा काँग्सफ्योर्ड पूर्ण मोकळा असतो. अधिक उत्तरेला अधिक बर्फ असा नियम या किनाऱ्याला लावू नका. पूर्वेचे वारे तीन-चार दिवस टिकले की स्योरकापचा पट्टा रोज बघा.

रडार उपग्रहाचं चित्र ढगातूनही दिसतं म्हणून लोक त्यावर फार विसंबतात. त्यात एक मोठी खोट आहे. वाऱ्याने खवळलेलं पाणी रडारला बर्फासारखंच उजळ दिसतं, आणि शांत पाण्यावरचा नवा गुळगुळीत बर्फ पाण्यासारखा काळा दिसतो. म्हणून चित्राशेजारी त्याच वेळचा वाऱ्याचा आकडा लिहा. वारा १० मीटरच्या वर असेल तर उजळ भागावर बर्फ म्हणून शिक्का मारण्याआधी दुसऱ्या दिवशीच्या चित्राशी ताडून बघा.

डोळ्यांनाही काम द्या. ढगांचा थर असताना बर्फावरच्या ढगाचं पोट उजळ पांढरं दिसतं आणि उघड्या पाण्यावरचं गडद करडं. कड क्षितिजापलीकडे असतानाच ही खूण मिळते. वारा कडेकडून तुमच्याकडे असेल आणि लाटा एकाएकी बसल्या, तर वर कुठेतरी बर्फ जवळ आला आहे.

पोलर लो

बर्फावरची थंड हवा कोमट पाण्यावर उतरली की खालून तापते, ढगांच्या समांतर रांगा तयार होतात, आणि त्यातूनच कधी २०० ते १००० किलोमीटर व्यासाचं छोटं वादळ वळतं. वाऱ्याचा वेग किमान १५ मीटर, अनेकदा त्याहून बराच जास्त. आयुष्य बहुधा एक-दीड दिवसाचं. जमिनीवर किंवा बर्फावर चढलं की मरतं, कारण त्याचं इंधन कोमट पाणी आहे. हंगाम ऑक्टोबर ते मे. मार्चमध्ये ती चांगलीच होतात, मेमध्ये क्वचित.

ओळखायचं कसं? समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि ५०० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवरचं (सुमारे पाच किलोमीटर उंचीवरचं) तापमान घ्या. फरक ४३ अंशांच्या वर असेल तर पोलर लोसाठी जमीन तयार आहे. पाणी अधिक ३ आणि वर उणे ४१ म्हणजे फरक ४४. हा आकडा वाढत असताना उपग्रहचित्रात ढगांच्या सरळ रांगांमध्ये स्वल्पविरामासारखं वळण दिसू लागलं तर त्या दिवशी उघड्या पाण्यात जाऊ नका. मॉडेलमध्ये अजून काही दिसत नसलं तरीही जाऊ नका.

आरोम आर्क्टिकला पोलर लो होणार हे बऱ्याचदा कळतं, पण कुठे होणार हे चुकतं. कारण त्या भागात समुद्रावर प्रत्यक्ष मोजमापं फार थोडी आहेत. ब्योर्नोया, होपेन आणि यान मायेन ही तीन बेटं सोडली तर मधे सगळं पाणीच. म्हणून मॉडेलच्या एकाच धावेवर, म्हणजे एकदा चालवून निघालेल्या अंदाजावर, विश्वास ठेवू नका. सहा-सहा तासांच्या अंतराने आलेल्या तीन धावा शेजारी ठेवा. वादळाचा मध्य प्रत्येक धावेत शंभर किलोमीटर इकडेतिकडे होत असेल, तर तो सगळा पट्टा धोक्याचा समजायचा. त्याच्या मधली "सुरक्षित" फट शोधू नये. दक्षिणेकडे सरकणाऱ्या पोलर लोच्या पश्चिम बाजूला वारा बहुधा सगळ्यात जोराचा असतो, तेव्हा पळवाट काढायची वेळ आली तर तिकडून नको.

वारा तासाभरात ८ मीटरवरून २५ मीटरवर जाऊ शकतो. सोबत हिमसरी येतात आणि दृश्यता काही शे मीटरवर येते. या वेगामुळे "आधी बघू, मग वळू" हे धोरण इथे चालत नाही.

जहाजावर गोठणारा तुषार

या किनाऱ्यावर लहान जहाजांना खरा धोका लाटेपेक्षा बर्फाच्या वजनाचा आहे. लाट आपटून उडालेलं पाणी हवेतच थंड होतं आणि रेलिंग, मास्ट, दोऱ्या, विंडलास, लाइफराफ्ट यांवर आदळताच गोठतं. वजन वर चढतं, गुरुत्वमध्य वर जातो, आणि जहाज उलटण्याच्या जवळ येतं.

हा धोका आकड्यात मांडता येतो. अमेरिकेत ओव्हरलँड यांनी दिलेलं सूत्र जगभर वापरतात. वाऱ्याचा वेग मीटर प्रतिसेकंदात घ्या. समुद्राच्या पाण्याच्या गोठणबिंदूतून, म्हणजे उणे १.८ मधून, हवेचं तापमान वजा करा. दोन्हींचा गुणाकार वरची रक्कम. खाली, पाण्याच्या तापमानातून गोठणबिंदू वजा करून त्याला ०.३ ने गुणा आणि त्यात १ मिळवा. वरच्या रकमेला खालच्याने भागा.

उत्तर २२.४ पेक्षा कमी असेल तर गोठण्याचा वेग ताशी ०.७ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे हलका. २२.४ ते ५३.३ मध्यम, ताशी ०.७ ते २ सेंटिमीटर. ५३.३ ते ८३ तीव्र, २ ते ४ सेंटिमीटर. ८३ च्या वर अतितीव्र, ताशी ४ सेंटिमीटरहून जास्त.

उदाहरण करून बघू. वारा १८ मीटर, हवा उणे १२, पाणी अधिक २. वर: १८ गुणिले १०.२, म्हणजे १८३.६. खाली: ३.८ गुणिले ०.३ अधिक १, म्हणजे २.१४. उत्तर ८५.८, अतितीव्र. आता तोच वारा आणि तीच हवा, पण पाणी अधिक ५ अंशांचं. खाली ३.०४ येतात, उत्तर ६०.४, तीव्र. फक्त कोमट पाण्याच्या मुख्य प्रवाहात राहिल्याने एक पायरी उतरली. आणि वारा १२, हवा उणे ८, पाणी २ असेल तर ३४.८, म्हणजे मध्यम. पाण्याचं तापमान बादलीतून किंवा इंजिनच्या थंड पाण्याच्या नळीवरून दर तासाला मोजा. नकाशावरच्या आकड्यात आणि किनाऱ्यालगतच्या थंड पट्ट्यात दोन-तीन अंशांचा फरक सहज निघतो.

हे सूत्र २० ते ७५ मीटर लांबीच्या, वाऱ्याला तोंड देऊन जाणाऱ्या जहाजांवरून बसवलेलं आहे. त्याहून लहान बोटीला कमी वाऱ्यातही तुषार लागतो, तेव्हा उत्तर एक पायरी वर धरा.

याचं वजन किती? १५० चौरस मीटर उघड्या भागावर ताशी ३ सेंटिमीटर बसला तर तासाला साडेचार घनमीटर, म्हणजे जवळजवळ चार टन. १ जानेवारी २०१७ पासून लागू असलेल्या पोलर कोडमध्ये (ध्रुवीय पाण्यातल्या जहाजांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत) जहाजाच्या स्थिरतेच्या हिशोबात उघड्या डेकवर चौरस मीटरला ३० किलो आणि दोन्ही बाजूंच्या उभ्या क्षेत्रावर ७.५ किलो बर्फ धरायला सांगितलं आहे. ३० किलो म्हणजे साधारण सव्वातीन सेंटिमीटरचा थर. अतितीव्र पायरीत पुढच्या डेकवर हा साठा तासाभरात संपतो.

काय करायचं, त्याचा क्रम असा. आधी वेग कमी करा आणि रोख बदला. लाटा पुढून तिरप्या घेताना तुषार सर्वाधिक उडतो, मागून घेताना कमी. मग आडोशाच्या किंवा कोमट पाण्याच्या बाजूला जा. बर्फाच्या कडेआड शिरणं हा मोहाचा मार्ग आहे. तिथे लाट लहान होते हे खरं, पण हवा आणखी थंड मिळते आणि तुटक्या कठीण तुकड्यांमध्ये सापडायची भीती असते. ज्या जहाजाचं बांधकाम बर्फात चालण्याजोगं नाही त्याने तो घेऊ नये. बर्फ फोडायला लाकडी किंवा रबरी हातोडे ठेवा. लोखंडी पहारीने रंग, काचा आणि केबल फुटतात. आधी डेकवरचं पाणी बाहेर जाण्याची तोंडं, लाइफराफ्ट आणि अँटेना मोकळ्या करा, मग उंचावरचं वजन उतरवा, आणि दोन्ही बाजूंचा बर्फ सारखा काढा. एका बाजूचा आधी काढला की जहाज दुसरीकडे कलतं. जहाजाचा हेलकावा नेहमीपेक्षा सावकाश होऊ लागला आणि टोकाला जाऊन थबकू लागला, तर वजन आधीच फार वर गेलं आहे. त्या क्षणी मदतीसाठी कळवा.

फ्योर्डातला वारा

कोकणातला मतलई वारा रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, तसा इथे आतल्या हिमनद्यांवरची थंड जड हवा उतारावरून फ्योर्डात येऊन समुद्राकडे धावते. पण तिला रात्रीची वाट बघावी लागत नाही. न्यू-ओलेसुंडला काँग्सवेगेन हिमनदीकडून आग्नेयेचा वारा येतो, लाँगइयरब्येनला आदवेंतदालेन दरीतून. मोठ्या नकाशावर वारा पूर्वेचा असो की ईशान्येचा, फ्योर्डात तो फ्योर्डाच्या अक्षावरच वळतो.

अडीच किलोमीटरच्या चौकटीत अरुंद दऱ्या आणि कडे पुरते मावत नाहीत. म्हणून झोत सरासरीच्या दीडपट धरा: अंदाज १० मीटर असेल तर तयारी १५ ची. सगळ्यात वाईट जागा फ्योर्डाचं तोंड. आतून येणारा वारा तिथे मोकळा होतो आणि बाहेरची लांब लाट समोरून येते. दोन्ही भिडल्यावर लाट उभी आणि आखूड होते. लाटेच्या अंदाजात दिलेली उंची ही सर्वात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते, एखादी एकटी लाट तिच्या जवळजवळ दुप्पट येऊ शकते. उघड्या छोट्या बोटीसाठी सरासरी ८ मीटर वारा ही आमची मर्यादा, आणि फ्योर्डाचं तोंड ओलांडायचं असेल तर ६.

हिमनदीच्या उभ्या कड्यापासून किमान २०० मीटर दूर राहा. वारा पडलेला असला तरी कडा कोसळून उठणारी लाट वाऱ्याची वाट बघत नाही.

थंडीचा हिशोबही याच वाऱ्यावर अवलंबून असतो. उणे १५ अंश आणि १० मीटर वारा, त्वचेला लागतं उणे २७. स्नोस्कूटर ताशी ५० किलोमीटरने चालवली तर वारा नसतानाही उणे २९. उघड्या नाकाला आणि गालाला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो, तेव्हा दर दहा मिनिटांनी एकमेकांचे चेहरे बघायची सवय लावा. पांढरा मेणचट डाग दिसला की थांबा, उघड्या तळव्याने झाकून ऊब द्या, चोळू नका.

गोठलेल्या फ्योर्डावर जाण्याआधी

कुठला फ्योर्ड गोठतो हे त्याच्या तोंडावर ठरतं. वान माइयेनफ्योर्डच्या तोंडाशी आक्सेलोया बेट आडवं पडलेलं आहे, त्यामुळे कोमट पाणी आत येत नाही आणि बर्फ चांगला धरतो. काँग्सफ्योर्डच्या तोंडाशी असा अडसर नाही, अटलांटिकचं पाणी आतपर्यंत येतं, आणि २००६ पासून तिथला बर्फ पूर्वीच्या मानाने फार कमी झाला आहे. जुन्या नकाशांवरच्या बर्फावरच्या वाटा तिथे वापरू नका.

बर्फ किती जाड असेल याचा अंदाज थंडीच्या बेरजेवरून येतो. गोठणबिंदू उणे १.८ धरून रोजची सरासरी त्याच्या किती खाली होती, ते अंश गोठल्या दिवसापासून जोडत जा. त्या बेरजेचा ०.५८ वा घात काढून १.३३ ने गुणा, जाडी सेंटिमीटरमध्ये मिळते. महिनाभर सरासरी उणे १२ असेल तर बेरीज ३०६ आणि जाडी सुमारे ३७ सेंटिमीटर. वर हिमाचा जाड थर असेल तर यापेक्षा बरीच कमी, कारण हिम थंडी खाली पोचू देत नाही. शिवाय त्याच्या वजनाने बर्फ दबून वर पाणी येतं. हा आकडा फक्त जायचं की नाही हे ठरवायला. प्रत्यक्ष जाताना ड्रिल मारूनच बघायचं, आणि भरती-ओहोटीच्या भेगांपाशी, सामुद्रधुन्यांत, हिमनदीच्या कड्यासमोर, नदीच्या मुखाशी जास्त वेळा.

गोड्या पाण्याच्या बर्फाचे भार पेलण्याचे तक्ते इथे लावू नका. समुद्राच्या बर्फात मिठाच्या पाण्याच्या बारीक नळ्या असतात, आणि बर्फ तापत गेला की त्या रुंदावतात. मार्चमधला उणे १५ चा ६० सेंटिमीटर बर्फ आणि मेअखेरचा उणे २ चा ६० सेंटिमीटर बर्फ ड्रिलला सारखेच लागतील, पण दुसऱ्याची ताकद कितीतरी कमी असते. ड्रिलच्या भोकातून पाणी झपाट्याने वर आलं, कापलेले तुकडे ओले आणि भुसभुशीत निघाले, तर जाडी कितीही असो, मागे फिरा. नैर्ऋत्येची लांब लाट आल्यानंतर २४ तास फ्योर्डाच्या बाहेरच्या अर्ध्या भागात जाऊ नका. भेगा आधी पडतात आणि दिसतात नंतर.

बर्फावर पोचायची वाट उताराखालून जात असेल तर नोर्देनशोल्ड भागासाठीचा 'वारसोम' या नॉर्वेच्या इशारासेवेचा हिमस्खलन इशाराही बघा. पाऊस किंवा जोराचा वारा होऊन गेल्यानंतरचा पहिला स्वच्छ दिवस उतारांसाठी वाईट असतो.

वही, आणि परत फिरण्याचे आकडे

दर तीन तासांनी दाब, वारा, हवेचं आणि पाण्याचं तापमान, दृश्यता आणि दिसणारा बर्फ लिहा, आणि शेजारच्या रकान्यात त्याच वेळेचा अंदाज. प्रत्यक्ष दाब अंदाजापेक्षा ३ हेक्टोपास्कलने वेगळा निघाला, किंवा वारा तासभर अंदाजापेक्षा ५ मीटरने जास्त राहिला, तर तो अंदाज तुमच्यासाठी संपला. नवी धाव हातात येईपर्यंत पुढचा टप्पा नाही. तीन तासांत दाब ३ हेक्टोपास्कलहून जास्त पडला तर कारण शोधत न बसता आडोसा गाठा. हे आकडे निघण्याआधी लिहून सगळ्यांना सांगून ठेवा, म्हणजे थकल्यावर वाद होत नाही.

तासनतास उजेड असल्याने लोक झोपेची वेळ विसरतात आणि "अजून एक स्टेशन" करत राहतात. मध्यरात्रीच्या सुमारास सूर्य उत्तरेला खाली असतो. पांढऱ्या ढगाखाली जमिनीचे चढउतार दिसतच नाहीत, स्कूटर कड्यावरून जाते ती अशाच वेळी. परतीची वेळ घड्याळावर ठरवा.

किनाऱ्यावर मागे राहणाऱ्या माणसाकडे चार गोष्टी द्या: वाट, परतीची वेळ, संपर्काच्या ठरलेल्या वेळा, आणि किती उशीर झाल्यावर कोणाला कळवायचं. समुद्रावर व्हीएचएफ चॅनेल १६, फोन चालत असेल तिथे सिसेलमेस्टरसाठी (स्वालबारच्या राज्यपालांच्या कार्यालयासाठी) ११२. हेलिकॉप्टरलाही तीच हिमसर आणि तोच वारा भोगावा लागतो, म्हणून बोटीत आणि स्लेजवर किमान २४ तास काढता येतील इतका तंबू, स्टोव्ह, इंधन आणि कोरडे कपडे हवेतच, अंदाज कितीही चांगला असला तरी.